विकृतीचा उतार, ध्रुवीकरण आणि चुंबकन : फेरॉइक पदार्थांवर काम सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

फेरोइलेक्ट्रिक, लोहचुंबकीय आणि प्रतिलोहचुंबकीय पदार्थांना एकत्रितपणे फेरॉइक पदार्थ म्हणतात. अशा पदार्थात विद्युत् ध्रुवीकरण आणि चुंबकन एकमेकांशी जोडता आले, तर विद्युत्‌क्षेत्र लावून चुंबकाची अवस्था बदलता येते आणि त्यासाठी तारेतून मोठा प्रवाह सोडून ऊर्जा वाया घालवावी लागत नाही. ही जोडणी साधण्याचा परिचित मार्ग म्हणजे पदार्थाला एकसारखे ताणणे किंवा दाबणे. त्याहून कमी परिचित, पण माझ्या मते अधिक मूलगामी मार्ग म्हणजे पदार्थाला असमान ताणणे, म्हणजेच त्याच्यात विकृतीचा उतार निर्माण करणे. हा लेख त्या दुसऱ्या मार्गाविषयी आहे. घन अवस्थेच्या भौतिकशास्त्राचा पदव्युत्तर पातळीवरचा पाया असलेला आणि या विषयात प्रथमच हात घालणारा वाचक समोर ठेवून तो लिहिला आहे.

कामाचा क्रम मी मुद्दाम असा ठेवला आहे : आधी सममितीचा हिशेब, मग परिणामाच्या आकारमानाचा अंदाज, मग नमुना आणि शेवटी मोजमाप. अनेक गट नमुना हाताशी आहे म्हणून मोजमापापासून सुरुवात करतात आणि मिळालेल्या संकेताला नंतर नाव शोधतात. या विषयात खोटे संकेत इतके आहेत की त्या वाटेने जाणाऱ्याची वर्षे सहज खर्ची पडतात.

पहिली पायरी : विकृती आणि तिचा उतार यांत फरक करा

विकृती म्हणजे लांबीतील सापेक्ष बदल. तिला एकक नसते. विकृती जागेनुसार ज्या वेगाने बदलते त्याला विकृती-प्रवणता म्हणतात आणि तिचे एकक ‘प्रति मीटर’ असते. बांबूची कामटी दोन्ही हातांनी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली बाजू आवळली जाते आणि मधोमध असे एक पृष्ठ राहते की ज्याची लांबी बदलत नाही. कामटीची सरासरी विकृती शून्य असते, प्रवणता मात्र शून्य नसते. पातळ पट्टीसाठी हिशेब सोपा आहे. पृष्ठभागावरची विकृती म्हणजे जाडी भागिले वक्रतात्रिज्येची दुप्पट आणि प्रवणता म्हणजे वक्रतात्रिज्येचा व्यस्तांक.

आता आकडे घालून पाहा. ०.३ मिलिमीटर जाडीची स्फटिकपट्टी पृष्ठभागावर ०.१ टक्के विकृती येईपर्यंत वाकवली, तर वक्रतात्रिज्या १५ सेंटिमीटर येते आणि प्रवणता प्रति मीटर सुमारे ७ मिळते. ठिसूळ ऑक्साइडकडून याहून फार जास्त अपेक्षा ठेवता येत नाही, कारण पट्टी तुटते. उलट १० नॅनोमीटर जाडीचा पडदा १ मायक्रोमीटर त्रिज्येत वाकवला, तर पृष्ठभागावरची विकृती फक्त ०.५ टक्के असते, पण प्रवणता प्रति मीटर १० लाख होते. सब्स्ट्रेटवर, म्हणजे आधाराच्या स्फटिकावर, वाढवलेल्या १० नॅनोमीटरच्या थरात खालून वर जाताना १ टक्का विकृती सैल झाली, तरी प्रवणता तितकीच येते. जाडी घटली की प्रवणता लाखो पटींनी वाढू शकते. या परिणामाची कल्पना माशकेविच आणि टॉल्पिगो यांनी १९५७ मध्ये मांडली होती आणि कोगन यांनी १९६४ मध्ये तिला सैद्धान्तिक रूप दिले होते. तरीही विषय खऱ्या अर्थाने फुलला तो नॅनोमीटर जाडीचे उत्तम थर बनवता येऊ लागल्यावर, त्याचे कारण हेच.

दुसरी पायरी : सममितीचा हिशेब कागदावर करा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिला कागद-पेन्सिलीखेरीज काही लागत नाही. दोन क्रिया मनात धरा. पहिली केंद्र-व्युत्क्रमण, ज्यात प्रत्येक बिंदू मध्याच्या विरुद्ध बाजूला जातो. दुसरी काल-व्युत्क्रमण, ज्यात प्रत्येक गती उलटी होते आणि त्यामुळे प्रत्येक स्पिनची दिशाही उलटते. आता प्रत्येक राशीसमोर लिहा की ती या क्रियांखाली चिन्ह बदलते की नाही.

विद्युत्‌क्षेत्र आणि ध्रुवीकरण केंद्र-व्युत्क्रमणाखाली चिन्ह बदलतात, काल-व्युत्क्रमणाखाली बदलत नाहीत. चुंबकीय क्षेत्र आणि चुंबकन यांचे नेमके उलट असते. एकसमान विकृती दोन्हींखाली जशीच्या तशी राहते. विकृती-प्रवणता केंद्र-व्युत्क्रमणाखाली चिन्ह बदलते, कारण ताणलेली बाजू आणि आवळलेली बाजू यांची अदलाबदल होते, पण काल-व्युत्क्रमणाचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. म्हणजे सममितीच्या दृष्टीने विकृती-प्रवणता विद्युत्‌क्षेत्रासारखी वागते. पुढचा सगळा विषय या एका वाक्यातून उलगडतो : जिथे विद्युत्‌क्षेत्र काही घडवू शकते, तिथे विकृती-प्रवणताही ते घडवू शकते.

पहिला निष्कर्ष सरळ आहे. प्रवणता आणि ध्रुवीकरण यांचा गुणाकार दोन्ही क्रियांखाली अचल राहतो, म्हणून प्रवणतेमुळे ध्रुवीकरण निर्माण होणे कोणत्याही विद्युत्‌रोधकात शक्य आहे. याला फ्लेक्सोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. दाबविद्युत परिणामाला स्फटिकात सममिती-केंद्र नसणे आवश्यक असते आणि तो ३२ स्फटिक वर्गांपैकी केवळ २० वर्गांत आढळतो. फ्लेक्सोइलेक्ट्रिक परिणामावर असे बंधन नाही.

दुसरा निष्कर्ष अधिक काटेकोरपणे वाचायचा आहे. प्रवणता आणि चुंबकन यांचा गुणाकार केंद्र-व्युत्क्रमणाखाली चिन्ह बदलतो आणि काल-व्युत्क्रमणाखालीही बदलतो. त्यामुळे प्रवणतेच्या प्रमाणात चुंबकन निर्माण होणे, म्हणजे रेषीय फ्लेक्सोमॅग्नेटिक परिणाम, फक्त अशा चुंबकीय स्फटिकात शक्य आहे की ज्यात या दोन्ही सममिती स्वतंत्रपणे मोडलेल्या आहेत. दोन्ही क्रिया एकापाठोपाठ केल्यास स्फटिक मूळ रूपात आला तरी हरकत नाही. रेषीय मॅग्नेटोइलेक्ट्रिक परिणामाची, म्हणजे विद्युत्‌क्षेत्राच्या प्रमाणात चुंबकन निर्माण होण्याची, अटही हीच असते. १२२ चुंबकीय बिंदुगटांपैकी ५८ गटांत तो परिणाम अनुज्ञेय आहे आणि तुमच्या पदार्थाचा शोध तिथूनच सुरू व्हावा.

तिसरा निष्कर्ष फारसा सांगितला जात नाही, पण मला तो सर्वांत उपयोगी वाटतो. विद्युत्‌क्षेत्र, प्रवणता आणि चुंबकनाचा वर्ग यांचा गुणाकार नेहमी अनुज्ञेय असतो. म्हणजे सममिती-केंद्र असलेल्या अगदी साध्या लोहचुंबकीय विद्युत्‌रोधकातही प्रवणता निर्माण केल्यास विद्युत्‌क्षेत्र चुंबकीय विषमदिशतेवर, म्हणजे चुंबकनाला कोणती दिशा सोयीची आहे यावर, पहिल्या क्रमाचा परिणाम करू शकते. सूक्ष्म पातळीवर यामागे एकाहून अधिक यंत्रणा असू शकतात. त्यांतली एक अशी की प्रवणतेने सममिती-केंद्र नाहीसे झाले की शेजारच्या स्पिनांमध्ये झ्यालोशिन्स्की–मोरिया आंतरक्रिया प्रकट होऊ शकते आणि एकमेकांना समांतर किंवा प्रतिसमांतर असलेले स्पिन थोडे कलतात.

इथे एक सावधगिरी बाळगा. विद्युत्‌क्षेत्राचे तीन घटक असतात, तर विकृती-प्रवणतेचे १८ स्वतंत्र घटक असतात. त्यामुळे वरचा हिशेब ‘शक्य की अशक्य’ एवढेच सांगतो. कोणत्या दिशेने वाकवल्यावर कोणत्या दिशेला चुंबकन येईल, हे ठरवायला पूर्ण टेन्सर लिहावा लागतो. त्यासाठी बिल्बाओ क्रिस्टलोग्राफिक सर्व्हर या विनामूल्य संकेतस्थळावरची चुंबकीय टेन्सरांची सुविधा आणि तिथेच असलेला चुंबकीय संरचनांचा संग्रह वापरा.

तिसरी पायरी : एकाच घरातील दोन पदार्थांवर सराव करा

सरावासाठी क्रोमियम ऑक्साइड, म्हणजे प्रयोगशाळेतील नेहमीच्या बोलीतला क्रोमिया, आणि हेमॅटाइट हे लोहाचे ऑक्साइड घ्या. दोघांची स्फटिकरचना कुरुंदाची आहे, दोघेही प्रतिलोहचुंबकीय आहेत आणि दोघांतही मुख्य अक्षावर धातूचे चार अणू एका कोष्ठिकेत ओळीने येतात. फरक आहे तो स्पिनांच्या क्रमात. क्रोमियात त्या चार अणूंचे स्पिन वर, खाली, वर, खाली असे आहेत, तर हेमॅटाइटमध्ये वर, खाली, खाली, वर असे आहेत.

आता केंद्र-व्युत्क्रमण करा. पहिला अणू चौथ्याच्या जागी जातो, दुसरा तिसऱ्याच्या जागी. स्पिन हा अक्षीय सदिश असल्यामुळे या क्रियेत त्याची दिशा बदलत नाही. हेमॅटाइटमध्ये पहिला आणि चौथा दोन्ही ‘वर’ आहेत, म्हणून काहीच बदलत नाही. स्पिनरचनेतही सममिती-केंद्र टिकून राहते आणि रेषीय फ्लेक्सोमॅग्नेटिक परिणाम निषिद्ध ठरतो. क्रोमियात मात्र ‘वर’ हा ‘खाली’च्या जागी येतो, सगळी रचना उलटते आणि सममिती-केंद्र मोडते. त्यानंतर काल-व्युत्क्रमण केले की रचना पुन्हा मूळ रूपात येते. म्हणजे दोन्ही सममिती स्वतंत्रपणे मोडलेल्या, पण एकत्रितपणे शाबूत. हवी होती ती अट पूर्ण झाली. याच युक्तिवादाने झ्यालोशिन्स्की यांनी १९५९ मध्ये क्रोमियात रेषीय मॅग्नेटोइलेक्ट्रिक परिणाम असेल असे भाकीत केले आणि अस्त्रोव यांनी १९६० मध्ये तो मोजून दाखवला. हा सराव एकदा स्वतःच्या हाताने केल्याशिवाय पुढे जाऊ नका. रासायनिक सूत्र किंवा स्फटिकरचना पाहून निर्णय घ्यायचा नसतो, स्पिनरचना पाहून घ्यायचा असतो, हे त्यातून जितके पक्के होते तितके वाचनाने होत नाही.

चौथी पायरी : आकारमानाचा अंदाज बांधा

ध्रुवीकरणाच्या बाजूने कोगन यांचा अंदाज आजही आधारभूत मानला जातो. फ्लेक्सोइलेक्ट्रिक गुणांक भागिले पदार्थाची विद्युत् पारगम्यता, ही राशी व्होल्टमध्ये येते आणि तिचे मूल्य साधारण १ ते १० व्होल्ट असायला हवे. तिला प्रवणतेने गुणले की प्रवणतेचे ‘समतुल्य विद्युत्‌क्षेत्र’ मिळते. ३ व्होल्ट आणि प्रति मीटर १० लाख धरले, तर हे क्षेत्र प्रति मीटर ३० लाख व्होल्ट, म्हणजेच प्रति सेंटिमीटर ३० किलोव्होल्ट येते. जाड फेरोइलेक्ट्रिक स्फटिकाचे ध्रुवीकरण उलटवायला लागणाऱ्या क्षेत्राशी त्याची तुलना सहज होऊ शकते. प्रवणता आणखी दहा पटींनी वाढली की अतिशय पातळ थरातील ध्रुवीकरणही उलटते. २०१२ मध्ये सुमारे ५ नॅनोमीटर जाडीच्या बेरियम टायटेनेटच्या थरावर अणुबल सूक्ष्मदर्शकाचे टोक केवळ दाबून, कोणताही व्होल्टेज न लावता, ध्रुवीकरण उलटवून दाखवण्यात आले होते.

हाच अंदाज चाळणी म्हणूनही वापरा. स्ट्रॉन्शियम टायटेनेटच्या एकल स्फटिकात मोजलेला गुणांक प्रति मीटर काही नॅनोकूलंब आहे. कक्षतापमानाला त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे ३०० असतो, म्हणून वरची राशी १ ते १० व्होल्टच्या मर्यादेत बसते. बेरियम स्ट्रॉन्शियम टायटेनेटच्या सिरॅमिकमध्ये मा आणि क्रॉस यांनी या शतकाच्या आरंभी मोजलेला गुणांक प्रति मीटर १०० मायक्रोकूलंबच्या घरात होता. डायइलेक्ट्रिक स्थिरांक २०,००० इतका मोठा धरला, तरी भागाकार ५००हून अधिक व्होल्ट येतो. याचा अर्थ मोजमाप चुकले असा नव्हे. त्यात शुद्ध फ्लेक्सोइलेक्ट्रिक परिणामाखेरीज आणखी काही सामील आहे, असा त्याचा अर्थ होतो. स्वतःच्या निकालात असा आकडा दिसला की आनंदाआधी शंका यायला हवी.

चुंबकनाच्या बाजूने अंदाज बांधताना पुन्हा क्रोमियाकडे वळू. जर्मनीतील हेल्महोल्ट्झ-झेंट्रुम ड्रेस्डेन-रोसेनडॉर्फ या संस्थेतील गटाने २०२२ मध्ये क्रोमियाच्या पातळ थरांत फ्लेक्सोमॅग्नेटिक गुणांक प्रति चौरस नॅनोमीटर सुमारे १५ बोर मॅग्नेटॉन असल्याचे प्रसिद्ध केले. त्याला प्रति मीटर १० लाख, म्हणजे प्रति नॅनोमीटर एक सहस्रांश, या प्रवणतेने गुणले की प्रति घन नॅनोमीटर ०.०१५ बोर मॅग्नेटॉन येते. नेहमीच्या एककांत हे प्रति मीटर सुमारे १४० अँपिअर होते. लोखंडाचे संपृक्त चुंबकन प्रति मीटर सुमारे १७ लाख अँपिअर असते. तुमचा संकेत लोखंडाच्या बारा हजारांश असणार आहे आणि तोही काही दहा नॅनोमीटर जाडीच्या थरातून येणार आहे. कोणते उपकरण वापरायचे, याचा निर्णय या आकड्यावरच अवलंबून आहे.

पाचवी पायरी : यंत्रणा समजून घ्या

क्रोमियाच्या थरात चुंबकन येते कुठून? जाड क्रोमिया ३०७ केल्विनला, म्हणजे सुमारे ३४ अंश सेल्सिअसला, प्रतिलोहचुंबकीय क्रम गमावतो. या तापमानाला नील तापमान म्हणतात. नील तापमान अणूंमधील अंतरांवर अवलंबून असते, म्हणून थराच्या जाडीत विकृती बदलत गेली की नील तापमानही थरागणिक बदलत जाते. वर उल्लेखलेल्या कामात प्रतिलोहचुंबकीय क्रम १०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकून असल्याचे आढळले.

आता थराचा उभा छेद डोळ्यांसमोर आणा. अणूंचे पापुद्रे एकावर एक रचलेले आहेत आणि त्यांचे स्पिन आळीपाळीने वर-खाली आहेत. ठरावीक तापमानाला, जिथे स्थानिक नील तापमान जास्त आहे तिथे स्पिनांची सरासरी शिस्त अधिक असते आणि जिथे ते कमी आहे तिथे शिस्त ढिली असते. एकसमान स्फटिकात ‘वर’चा पापुद्रा शेजारच्या ‘खाली’च्या पापुद्र्याला तंतोतंत रद्द करतो. इथे मात्र शेजारचा पापुद्रा किंचित दुबळा किंवा किंचित सबळ असल्यामुळे प्रत्येक जोडीत थोडी बाकी उरते आणि सगळ्या बाक्या एकाच दिशेला असल्याने त्यांची बेरीज होते. हीच बेरीज फ्लेक्सोमॅग्नेटिक चुंबकन म्हणून दिसते. या चित्रावरून दोन गोष्टी आधीच सांगता येतात. परिणाम नील तापमानाच्या आसपास मोठा असणार, कारण तिथे स्पिनांची शिस्त तापमानाला सर्वाधिक संवेदनशील असते. आणि प्रतिलोहचुंबकीय रचना ‘वर-खाली’ऐवजी ‘खाली-वर’ असली तर चुंबकनाचे चिन्ह उलटणार. दुसरा मुद्दा पुढे मोजमापात कामी येतो.

बिस्मथ फेराइटमध्ये वाट वेगळी आहे. हा पदार्थ सुमारे ११०० केल्विनपर्यंत फेरोइलेक्ट्रिक आणि सुमारे ६४० केल्विनपर्यंत प्रतिलोहचुंबकीय असतो, म्हणजे कक्षतापमानाला दोन्ही क्रम एकत्र नांदतात. त्याचे ध्रुवीकरण प्रति चौरस सेंटिमीटर ९० ते १०० मायक्रोकूलंब इतके मोठे आहे. प्रवणतेने थेट निर्माण केलेले ध्रुवीकरण त्यापुढे नगण्य ठरते. इथे प्रवणतेचे काम नवे ध्रुवीकरण निर्माण करणे नसून असलेल्याला वळवणे किंवा उलटवणे हे असते. ध्रुवीकरण ७१ किंवा १०९ अंशांनी वळले की स्पिन ज्या पातळीत असतात ती पातळीही वळते. त्यामुळे प्रवणता, ध्रुवीकरण, स्पिन अशी साखळी तयार होते.

याच पदार्थाबाबत नवख्यांचा हमखास गोंधळ उडतो. बिस्मथ फेराइटच्या स्पिनांची दिशा सुमारे ६२ ते ६४ नॅनोमीटरच्या आवर्तनाने फिरत जाते. या रचनेला सायक्लॉइड म्हणतात. ती ज्या आंतरक्रियेमुळे उद्भवते तिला झ्वेझ्दिन आणि प्याताकोव यांच्या लेखनात ‘फ्लेक्सोमॅग्नेटोइलेक्ट्रिक’ म्हटले आहे. त्या आंतरक्रियेत उतार असतो तो स्पिनांच्या दिशेचा, विकृतीचा नव्हे. नावातील ‘फ्लेक्सो’ पाहून दोन्ही एक समजू नका. शोधनिबंध वाचताना ऊर्जेच्या सूत्रात अवकलन कोणत्या राशीचे केले आहे, हे आधी तपासण्याची सवय लावा.

सहावी पायरी : नमुना तयार करा

प्रवणता मिळवण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली पट्टी वाकवण्याची. तिच्यात प्रवणता लहान असते, पण ती नेमकी माहीत असते आणि वाकवण्याची दिशा उलटवून चिन्हही बदलता येते. पहिल्या प्रकल्पासाठी मी हीच सुचवेन.

दुसरी वाट सब्स्ट्रेटवरील थराची. क्रोमियाचा थर नीलमाच्या सब्स्ट्रेटवर वाढवला जातो. दोघांची रचना कुरुंदाचीच असली तरी क्रोमियाचे पायाभूत जालक-अंतर सुमारे ४ टक्क्यांनी मोठे आहे, म्हणून थर खालच्या बाजूला आवळला जातो आणि वर जाताना ही विकृती सैल होत जाते. वाढीचे तापमान, जाडी आणि थंड करण्याचा वेग यांवर हे सैल होणे अवलंबून असते. या वाटेत प्रवणता प्रचंड मिळते, पण ती उलटवता येत नाही. शिवाय जिथे विकृती सैल होते तिथे दोष आणि विस्थापनेही (डिसलोकेशन) असतात, आणि हे दोष स्वतःच चुंबकीय किंवा विद्युत् संकेत देऊ शकतात.

तिसरी वाट सुट्या पडद्याची. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटसारख्या पाण्यात विरघळणाऱ्या थरावर ऑक्साइड वाढवायचे, खालचा थर पाण्यात विरघळवायचा आणि सुटा झालेला पडदा हव्या त्या आधारावर वाकवायचा. २०१६ पासून ही पद्धत झपाट्याने रुळली आहे. पहिल्या दोन वाटांचे गुण तिच्यात एकत्र येतात, पण पडदे हाताळण्याचे कौशल्य येण्यास वेळ लागतो आणि सुरुवातीला बहुतेक पडद्यांना भेगा जातात, हे गृहीत धरून वेळापत्रक आखा.

नमुना कोणताही असो, प्रवणता गृहीत धरू नका, मोजा. क्ष-किरण विवर्तनातील व्युत्क्रम-अवकाश नकाशा घ्या आणि शिखराचा आकार एका बाजूला झुकला आहे का ते पाहा. शक्य असल्यास पारेषण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने छेदाचे चित्र घेऊन जाडीनुसार जालक-अंतर कसे बदलते याचा आलेख काढा. ‘विकृती भागिले जाडी’ हा सरासरी आकडा अंदाजापुरता ठीक असतो. अंतिम निकालात तो पुरेसा ठरत नाही, कारण विकृती बहुधा सरळ रेषेत सैल होत नाही आणि प्रवणता थराच्या एखाद्या अरुंद पट्ट्यात एकवटलेली असते.

सातवी पायरी : मोजमाप

वाकवलेल्या पट्टीत फ्लेक्सोइलेक्ट्रिक संकेत किती असेल? प्रति मीटर ५ नॅनोकूलंबचा गुणांक, प्रति मीटर ०.१ इतकी प्रवणता, १० चौरस मिलिमीटरचे इलेक्ट्रोड आणि १० हर्ट्झची आवर्तने धरली, तर प्रवाह सुमारे ०.३ पिकोअँपिअर येतो. तो लॉक-इन ॲम्प्लिफायरशिवाय दिसणार नाही. केबल हलल्यामुळे तिच्यात निर्माण होणारा भारही याच आकाराचा असू शकतो, म्हणून केबल घट्ट बांधा, नमुना धातूच्या पेटीत ठेवा आणि इलेक्ट्रोड जोडलेले असताना पण नमुना न वाकवता एकदा कोरे मोजमाप घ्या. संकेत प्रवणतेच्या सम प्रमाणात वाढतो का आणि तिचे चिन्ह उलटवल्यावर त्याची कला १८० अंशांनी बदलते का, हे दोन आलेख नसतील तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

चुंबकीय बाजूने स्क्विड मॅग्नेटोमीटर हे नेहमीचे उपकरण आहे, पण पातळ थराच्या बाबतीत त्यातून फसगत होण्याचा धोका मोठा असतो. थरापेक्षा हजारो पट जाड सब्स्ट्रेटचा प्रतिचुंबकीय संकेत वजा करावा लागतो आणि पोलादी चिमट्याने नमुना धरल्यावर कडेला राहिलेला लोखंडाचा कणही अपेक्षित चुंबकनाइतका संकेत देऊ शकतो. प्लास्टिकचा किंवा टायटेनियमचा चिमटा वापरा आणि थर नसलेला, पण बाकी सर्व प्रक्रिया केलेला सब्स्ट्रेट स्वतंत्रपणे मोजा. थरावर प्लॅटिनमची पातळ पट्टी बसवून असंगत हॉल परिणाम मोजणे, किंवा हिऱ्यातील नायट्रोजन-रिक्तिका केंद्रांवर आधारलेला क्रमवीक्षण मॅग्नेटोमीटर वापरणे, हे मार्ग अधिक विश्वासाचे आहेत. मात्र हॉल पद्धत मुख्यतः पृष्ठभागाची खबर देते, हे ध्यानात ठेवा.

आता पाचव्या पायरीतील चिन्हाचा मुद्दा. क्रोमियात ‘वर-खाली’ आणि ‘खाली-वर’ असे दोन प्रकारचे प्रतिलोहचुंबकीय प्रभाग (डोमेन) असतात. नमुना साधा थंड केला तर दोन्ही प्रभाग जवळपास सारखे तयार होतात आणि एकूण चुंबकन शून्य दिसते. परिणाम नाही असा निष्कर्ष काढून काही जण इथेच थांबतात. त्याऐवजी नमुना नील तापमानाच्या वरून, चुंबकीय क्षेत्र लावून थंड करा. प्रवणतेमुळे आलेले चुंबकन क्षेत्राशी जुळवून घेते आणि एकच प्रकारचा प्रभाग निवडला जातो. क्षेत्राची दिशा उलटवून पुन्हा थंड केल्यास चुंबकन उलटले पाहिजे. जाड स्फटिकात हेच काम विद्युत् आणि चुंबकीय अशी दोन्ही क्षेत्रे एकत्र लावून करावे लागते. थरात एकट्या चुंबकीय क्षेत्राने प्रभाग निवडला जात असेल, तर कोणते तरी निव्वळ चुंबकन आधीच अस्तित्वात आहे, ही त्यातली महत्त्वाची खूण.

भारतात, विशेषतः महाराष्ट्रातील विद्यापीठांतून काम करणाऱ्यांना ही सगळी साधने एका छताखाली मिळत नाहीत, पण मिळवता येतात. विद्यापीठीय संशोधकांसाठी यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमची इंदूर आणि मुंबई येथील केंद्रे आहेत, इंदूरच्याच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे आणि मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉन विकीर्णनाची राष्ट्रीय सुविधा आहे. स्पिनरचना ठरवण्यासाठी न्यूट्रॉनांइतका थेट पुरावा दुसरा नाही, पण त्यासाठी काही ग्रॅम भुकटी किंवा मोठा स्फटिक लागतो, काही दहा नॅनोमीटरचा थर बहुधा पुरत नाही. म्हणून अर्ज करताना त्याच रचनेच्या भुकटीचा नमुनाही तयार ठेवा.

आठवी पायरी : तोतया संकेत वगळा

ध्रुवीकरणाच्या बाजूचा सर्वांत चिवट तोतया म्हणजे पृष्ठभागाची दाबविद्युत. कोणत्याही स्फटिकाच्या पृष्ठभागावर सममिती-केंद्र मोडलेलेच असते. पट्टी वाकली की वरचा पृष्ठभाग ताणला जातो, खालचा आवळला जातो आणि दोन्हींचा दाबविद्युत प्रतिसाद मिळून असा संकेत देतो की जो प्रवणतेच्या प्रमाणातच वाढतो आणि वाकवण्याची दिशा उलटवल्यावर उलटतो. म्हणजे नुसत्या वाकवण्याने तो वेगळा काढता येत नाही. पृष्ठभागावर वेगवेगळी प्रक्रिया करून किंवा वेगळ्या इलेक्ट्रोडांनी आकडा किती बदलतो, हे पाहावे लागते. त्याखालोखाल थरातील रासायनिक घटकांचा उतार, ऑक्सिजन-रिक्तिकांचे एका बाजूला सरकणे आणि क्युरी तापमानाच्या वर टिकून राहिलेले सूक्ष्म ध्रुवीय प्रदेश यांचा विचार करा.

चुंबकनाच्या बाजूचा मुख्य तोतया म्हणजे सीमा-चुंबकन. मॅग्नेटोइलेक्ट्रिक प्रतिलोहचुंबकाच्या पृष्ठभागावरचा शेवटचा पापुद्रा रद्द करायला शेजारी नसतो, म्हणून तिथे प्रवणता नसतानाही चुंबकन उरते आणि तेही प्रभागासोबत उलटते. त्याला फ्लेक्सोमॅग्नेटिक चुंबकनापासून वेगळे ओळखण्यासाठी तापमानाचा आलेख सूक्ष्मपणे काढा आणि सारख्याच पृष्ठभागाचे, पण भिन्न प्रवणतेचे किमान तीन नमुने घ्या. सीमा-चुंबकन प्रवणतेसोबत विशेष बदलत नाही. फ्लेक्सोमॅग्नेटिक भाग बदलायलाच हवा. एकसमान विकृतीचाही स्वतंत्र परिणाम असतो, उदाहरणार्थ बिस्मथ फेराइटच्या थरात ती पुरेशी मोठी झाली की सायक्लॉइडच नाहीसा होतो. म्हणून नमुन्यांची सरासरी विकृती शक्य तितकी सारखी ठेवून फक्त प्रवणता बदलण्याचा प्रयत्न करा. हे कठीण आहे. तीन नमुन्यांपैकी एक सुटा पडदा, म्हणजे सरासरी विकृती जवळपास शून्य असलेला, घेतला तर वर्गीकरण बरेच सोपे होते.

निकाल लिहिताना गुणांकासोबत तापमान, वारंवारता, प्रवणता कोणत्या पद्धतीने आणि जाडीच्या कोणत्या भागात मोजली, प्रभाग कसा निवडला आणि टेन्सरचा नेमका कोणता घटक मोजला, हे सर्व द्या. पट्टी वाकवताना लांबीच्या दिशेची विकृतीच नव्हे, तर रुंदीच्या आणि जाडीच्या दिशेची विकृतीही बदलते, त्यामुळे हाती येणारा आकडा बहुतेक वेळा दोन-तीन घटकांचे मिश्रण असतो. तो ‘प्रभावी गुणांक’ म्हणूनच नोंदवा आणि पट्टीच्या कडा स्फटिकाच्या कोणत्या अक्षांना समांतर कापल्या होत्या ते सोबत लिहा, म्हणजे त्याच पदार्थाची वेगळ्या दिशेने कापलेली पट्टी मोजणाऱ्याला दोन्ही आकडे एकत्र मांडून सुटे घटक काढता येतील.